बक्षिसाची कमांड आणि तिचे दोषनिदान : प्रस्तावना

माइनक्राफ्ट हा खेळ २००९ साली मार्कस पर्सन या स्वीडिश प्रोग्रामरने प्रथम लोकांपुढे ठेवला, तेव्हा त्यात जिंकण्याजोगे काही नव्हते. ठोकळ्यांचे एक जग होते, त्यातले ठोकळे फोडावेत, रचावेत आणि मनाजोगते काही उभारावे, एवढाच त्याचा ऐवज होता. ज्या खेळात ध्येय, टप्पे आणि शेवट आधी ठरवून दिलेले नसतात, साधने हाती देऊन खेळाडूला मोकळे सोडलेले असते, त्याला 'सँडबॉक्स' खेळ म्हणतात आणि माइनक्राफ्ट हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. २०११ च्या नोव्हेंबरात त्याची पूर्ण आवृत्ती निघाली, २०१४ साली मायक्रोसॉफ्टने अडीच अब्ज डॉलर मोजून तो बनवणारी मोजांग कंपनी विकत घेण्याचा करार केला आणि २०२३ मध्ये विकल्या गेलेल्या प्रतींची संख्या तीस कोटींच्या पुढे गेल्याचे जाहीर झाले. अशा खेळात बक्षिसांची व्यवस्था लावणे म्हणजे त्याच्या मूळ स्वभावात नसलेली गोष्ट वरून बसवणे होय. कोणते काम कौतुकाचे आणि कोणते नाही, हे खेळाला ठाऊक नसते. ते व्यवस्था लावणाऱ्याने ठरवायचे असते, खेळाला समजेल अशा रीतीने लिहून द्यायचे असते, आणि खेळ मग लिहून दिलेले तेवढेच, पण अगदी काटेकोरपणे, करतो. बक्षीस न मिळाल्याच्या, चुकीच्या माणसाला मिळाल्याच्या किंवा भरमसाट मिळाल्याच्या बहुतेक तक्रारींचे मूळ मनातला हेतू आणि लिहिलेली कमांड यांच्यात राहिलेल्या फटीत असते.

कमांड म्हणजे खेळाच्या संवादपट्टीत तिरकी रेघ देऊन लिहिलेली आज्ञा. 'गिव्ह' ही कमांड खेळाडूचे नाव, वस्तूचे नाव आणि नग सांगून दिली की ती वस्तू त्या खेळाडूच्या सामानात येऊन पडते, आणि ही गोष्ट पहिल्याच प्रयत्नात जमत असल्यामुळे बक्षीस देणे म्हणजे 'गिव्ह' लिहिणे, असा नवशिक्याचा समज होतो. वस्तुतः बक्षीस देण्याला तीन अंगे असतात: अपेक्षित गोष्ट घडली हे ओळखणे, ती कोणाकडून किती वेळा घडली याची नोंद ठेवणे आणि त्या नोंदीच्या आधारे वस्तू देणे. शेवटचे अंग सर्वांत सोपे आहे आणि दोष तिथे क्वचितच सापडतो. तरीही बक्षीस अडले की लोक सर्वप्रथम 'गिव्ह'चीच ओळ पुन्हा पुन्हा बदलून पाहतात, कारण डोळ्यांसमोर असते ती तीच. (प्रस्तुत प्रस्तावनेत कमांडची नावे वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत दिली आहेत, खेळात ती रोमन लिपीत आणि लहान अक्षरांतच टंकावी लागतात.)

ही साधने एकदम आली नाहीत आणि त्यांच्या आगमनाचा क्रम माहीत असल्याशिवाय जुन्या कमांड नव्या जगात का चालत नाहीत हे उमगत नाही. कमांड साठवून ठेवणारा आणि विजेचा संकेत मिळताच ती चालवणारा 'कमांड ब्लॉक' २०१२ च्या ऑक्टोबरात, १.४ या आवृत्तीसोबत आला. खेळाडूंच्या नावापुढे आकडे मांडून ठेवणारी 'स्कोअरबोर्ड' ही व्यवस्था २०१३ च्या मार्चमधील १.५ पासून मिळाली आणि तेव्हापासून बक्षिसाला खऱ्या अर्थाने हिशेबाचा आधार मिळाला. २०१६ च्या १.९ मध्ये सतत चालणारे आणि एकामागोमाग चालणारे कमांड ब्लॉक आले. २०१७ च्या १.१२ मध्ये अनेक कमांड एका मजकूर-फाइलीत लिहून एकत्र चालवण्याची, म्हणजे 'फंक्शन'ची, सोय झाली आणि त्याच आवृत्तीत ठरावीक कामगिरी ओळखून बक्षीस देणारी 'अ‍ॅडव्हान्समेंट' ही रचना आली. २०१८ च्या जुलैतील १.१३ ने मात्र कमांडची भाषाच नव्याने घडवली. त्या आधीच्या काळात लिहिलेल्या कमांड आजही वह्यांतून, चित्रफितींतून आणि मित्रांच्या तोंडून फिरत असतात, आणि त्या नव्या खेळात टाकून 'चालत नाही' म्हणणाऱ्यांची संख्या थोडी नाही.

दोष दोन जातींचे असतात. खेळ स्वतः बोलून दाखवतो तो पहिला, आणि खेळ गप्प बसतो तो दुसरा. पहिल्या जातीचा दोष लाल अक्षरांत दिसतो, म्हणून तो भयंकर वाटतो, पण निदानाच्या दृष्टीने तो उपकारकच असतो. १.१३ पासून कमांड वाचण्याचे काम 'ब्रिगेडियर' नावाचा घटक करतो, जो मोजांगने पुढे सर्वांसाठी खुलाही केला. तो कमांडचे शब्द डावीकडून उजवीकडे एकेक करून जुळवत जातो आणि जिथे जुळणी तुटते तिथे बाणाची खूण करून 'इथे' असे दाखवतो. त्या खुणेचा अर्थ नीट घेतला पाहिजे, कारण चूक बहुधा खुणेच्या किंचित आधी असते: वस्तूच्या नावात मोठे अक्षर आले, चौकोनी कंस उघडला तो मिटला नाही, किंवा जिथे आकडा हवा तिथे शब्द पडला. संवादपट्टीत २५६ अक्षरांपलीकडे लिहिता येत नाही, त्यामुळे कुठून तरी उचलून चिकटवलेली लांब कमांड शेपटाकडून कापली जाते आणि मग बाण अगदी शेवटी उभा राहतो. अशा वेळी कमांडमध्ये दोष नसतो, तिला जागा पुरलेली नसते, आणि तीच कमांड ब्लॉकमध्ये लिहिली की निमूट चालते.

आवृत्तीमुळे होणारे दोषही बहुतांशी याच जातीचे. २०२४ च्या एप्रिलमधील १.२०.५ ने वस्तूचे गुणधर्म सांगण्याची पद्धत बदलली. तलवारीवर जादू चढवून ती बक्षीस द्यायची असेल तर पूर्वी वस्तूच्या नावापुढे महिरपी कंसात तपशील लिहीत, आता चौकोनी कंसात आणि वेगळ्या नावांनी लिहावे लागतात, म्हणून वर्षानुवर्षे चाललेली बक्षिसाची ओळ एका अद्ययावतीकरणानंतर एकाएकी नाकारली जाते. निदान ती नाकारली तरी जाते. त्याच वर्षी जूनमध्ये आलेल्या १.२१ ने त्याहून फसवा बदल केला: फंक्शनच्या फाइली ज्या फोल्डरात ठेवायच्या त्याचे नाव पूर्वी अनेकवचनी होते ते एकवचनी झाले, आणि जुन्या नावाचा फोल्डर दिसला तर खेळ तक्रार करत नाही, तो फोल्डर त्याच्या लेखी अस्तित्वातच नसतो. बदल एका अक्षराचा, पण परिणाम असा की बक्षिसांची संपूर्ण व्यवस्था मूकपणे नाहीशी होते.

याला जोडूनच खेळाच्या दोन शाखांचा उल्लेख करणे भाग आहे. संगणकावरची मूळ शाखा जावा या भाषेत लिहिलेली असून तिला 'जावा एडिशन' म्हणतात, तर मोबाइल, कन्सोल आणि विंडोजवर चालणारी दुसरी शाखा 'बेडरॉक' या नावाने ओळखली जाते. दोन्हींचे जग सारखे दिसते, पण कमांडच्या बाबतीत त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत: जावातला स्कोअरबोर्ड खाणकाम, मृत्यू, मारलेले राक्षस यांची मोजणी आपोआप करू शकतो, बेडरॉकमध्ये मात्र आकडा नेहमी दुसऱ्या कमांडने हाताने वाढवावा लागतो, अ‍ॅडव्हान्समेंटही तिथे नाहीत. मोबाइलवर खेळणाऱ्या मराठी मुलाने जावासाठी लिहिलेले मार्गदर्शन शब्दशः पाळले तर त्याच्या हाती अपयशच येणार, आणि त्यात त्याचा काडीचा दोष नाही. पुढील विवेचन मुख्यतः जावा एडिशनचे आहे.

आता दुसऱ्या, गप्प बसणाऱ्या दोषांकडे वळले पाहिजे, कारण दोषनिदानाची खरी कसोटी तिथे लागते. 'दहा डायमंड ओर (हिऱ्याचे खनिज) खणणाऱ्याला एक एमराल्ड (पाचू)' असा एक साधा नियम घेऊन तो किती ठिकाणी घसरू शकतो हे पाहिले तर जवळजवळ सगळ्या मूक दोषांची ओळख होते. नियम अमलात आणण्याची प्रचलित रीत अशी: खणलेल्या डायमंड ओरचे ठोकळे मोजणारा एक स्कोअरबोर्ड उघडायचा, सतत चालणाऱ्या कमांड ब्लॉकमध्ये 'ज्यांचा आकडा दहा किंवा अधिक आहे अशा प्रत्येकाला एक एमराल्ड द्या' असे लिहायचे आणि त्याला जोडलेल्या पुढच्या ब्लॉकमध्ये 'त्यांच्या आकड्यातून दहा वजा करा' असे लिहायचे. कागदावर यात काही उणे दिसत नाही.

व्यवस्था उभी करणारा माणूस बहुधा 'क्रिएटिव्ह' या मोडमध्ये असतो, जिथे सामान अमर्याद मिळते आणि ठोकळे एका फटक्यात फुटतात. तो चाचणीसाठी दहा ओर फोडतो आणि आकडा शून्यावरून हलत नाही. कारण एवढेच की क्रिएटिव्हमध्ये फोडलेले ठोकळे खाणकामाच्या मोजणीत धरलेच जात नाहीत. इथे पुष्कळ जण मुळात बरोबर असलेली कमांड बदलू लागतात आणि नसलेला दोष दुरुस्त करता करता खरा दोष निर्माण करून ठेवतात. मोड बदलून 'सर्व्हायव्हल' या साध्या मोडमध्ये, लोखंडी किंवा त्याहून चांगल्या कुदळीने तीच चाचणी घेतली की आकडा वाढू लागतो, पण तोही कधी वाढतो, कधी नाही. त्याचे कारण भूगर्भात आहे. २०२१ च्या जूनमधील १.१७ मध्ये 'डीपस्लेट' हा खोलवरचा काळपट दगड आला आणि त्यात सापडणाऱ्या हिऱ्याच्या खनिजाला वेगळ्या ठोकळ्याचे स्थान मिळाले. त्याच वर्षी नोव्हेंबरातील १.१८ ने जगाची खोली उणे ६४ पर्यंत वाढवली आणि हिरे मुख्यतः त्या खोल थरांत गेले. खेळाडूच्या दृष्टीने हिरा तो हिराच, पण मोजणीच्या दृष्टीने साधा डायमंड ओर आणि डीपस्लेटमधला डायमंड ओर ही दोन नावे आहेत, आणि जुना स्कोअरबोर्ड त्यांतले एकच मोजतो. खोलवर दिवसभर खपलेल्या खेळाडूच्या नावापुढे मग तीन-चार असा आकडा दिसतो. उपाय म्हणजे दोन स्कोअरबोर्ड उघडून त्यांची बेरीज तिसऱ्यात करणे. इथपर्यंत कोणतीही कमांड चुकलेली नाही, कुठेही लाल अक्षर उमटलेले नाही, आणि बक्षीस मात्र अडलेले आहे.

बेरीज करताना आणखी एक पेच निघतो. ज्या खेळाडूने अजून एकही ओर फोडलेला नाही त्याचा आकडा शून्य असतो असे गृहीत धरले जाते, पण तसे नसते. त्याच्या नावाची नोंदच नसते. वाण्याच्या वहीत ज्याचे खाते उघडलेले नाही त्याची बाकी शून्य आहे असे म्हणता येत नाही, तसेच हे आहे. म्हणून 'ज्यांचा आकडा दहापेक्षा कमी आहे त्यांना प्रोत्साहनाचा संदेश दाखवा' अशी कमांड नव्या खेळाडूंना वगळून जाते, जरी तो संदेश खास त्यांच्यासाठीच लिहिलेला असतो. सर्वांच्या आकड्यात शून्य मिळवणारी, वरकरणी निरर्थक दिसणारी एक ओळ आरंभी घातली की सगळ्यांची खाती उघडतात. अनुभवी लोकांच्या फाइलींत ही ओळ हमखास आढळते आणि नवशिके ती बिनकामाची समजून काढून टाकतात.

मग क्रमाचा प्रश्न. खेळातला काळ 'टिक' या एककाने चालतो. एका सेकंदात वीस टिक होतात आणि सतत चालणारा कमांड ब्लॉक प्रत्येक टिकला एकदा चालतो. आकड्यातून दहा वजा करणारी ओळ विसरली, किंवा तिचा ब्लॉक 'विजेचा संकेत हवा' या मूळ स्थितीतच राहिला, तर खेळाडूला सेकंदाला वीस, म्हणजे मिनिटाला बाराशे एमराल्ड मिळू लागतात. वजाबाकी आधी आणि देणे नंतर लिहिले, तर दहाचा आकडा आधीच शून्यावर आलेला असल्यामुळे कुणालाच काही मिळत नाही. वजाबाकीऐवजी आकडा थेट शून्य केला तर वरचे दोन-चार ठोकळे बुडतात, आणि 'दहा किंवा अधिक' याऐवजी 'नेमके दहा' असे लिहिले तर नऊवरून अकरावर उडी घेणारा खेळाडू कायमचा सुटतो. उचललेल्या वस्तूंच्या मोजणीत अशा उड्या रोजच्याच, कारण तिथे संपूर्ण ढीग एका टिकमध्ये सामानात येतो. एकमेकांशी न जोडलेल्या दोन स्वतंत्र ब्लॉकमध्ये या दोन ओळी लिहिल्या तर कोणती आधी चालेल याची हमी राहत नाही, म्हणून त्या साखळीत, बाणाच्या दिशेने जोडूनच ठेवाव्यात.

हे सगळे साधले तरी फसवणुकीला वाव उरतोच. 'सिल्क टच' ही जादू असलेल्या कुदळीने ओर फोडला तर हिरा न मिळता ओरचा ठोकळाच अखंड हाती येतो. तो पुन्हा जमिनीत ठेवून पुन्हा फोडला की आकडा पुन्हा एकने वाढतो, आणि एकाच ठोकळ्याच्या जोरावर हवे तितके एमराल्ड कमावता येतात. याला कमांडचा दोष म्हणता येणार नाही. 'खणणे' आणि 'फोडणे' यांत नियम करणाऱ्याने भेद केला नाही, यंत्रानेही केला नाही. अशा ठिकाणी दोषनिदान तंत्राच्या हद्दीतून बाहेर पडून नियमाच्या अर्थापाशी येऊन ठेपते, आणि व्यवस्था लावणाऱ्याला विचार करावा लागतो की त्याला नेमके कशाचे बक्षीस द्यायचे होते.

बक्षीस चुकीच्या माणसाला जाणे हा प्रकार सर्वाधिक कटुता निर्माण करतो. कमांडमध्ये खेळाडूचे नाव लिहिण्याऐवजी निवडचिन्हे वापरतात: '@ए' म्हणजे सगळे खेळाडू, '@पी' म्हणजे सर्वांत जवळचा, '@आर' म्हणजे कोणीही एक, '@ई' म्हणजे प्राणी-वस्तूंसह सारे काही आणि '@एस' म्हणजे ज्याच्या वतीने कमांड चालली आहे तो स्वतः. 'जवळचा' म्हणजे कोणाजवळचा, हा प्रश्न इथे कळीचा आहे. कमांड ब्लॉकमध्ये '@पी' लिहिले तर त्या ब्लॉकच्या सर्वांत जवळ उभा असलेला खेळाडू निवडला जातो. ओर खणणारा दूर खाणीत असतो आणि एमराल्ड ब्लॉकपाशी गप्पा मारत उभ्या असलेल्याला मिळतात. १.१३ पूर्वीची 'एक्झिक्युट' कमांड खेळाडूची भूमिका आणि त्याची जागा अशी दोन्ही एकदम घेत असे. नव्या रचनेत 'अ‍ॅज' हा शब्द फक्त भूमिका बदलतो आणि जागा बदलण्यासाठी 'अ‍ॅट' हा शब्द वेगळा द्यावा लागतो. जुन्या सवयीने केवळ 'अ‍ॅज' लिहून पुढे '@पी' वापरणाऱ्याची भूमिका खाणीतल्या खेळाडूची असते आणि जागा मात्र ब्लॉकचीच राहते. पुढे '@एस' लिहिले की प्रश्न मिटतो. एकट्याने चाचणी घेणाऱ्याला हा दोष कधीच दिसत नाही, कारण जगात एकच खेळाडू असताना जवळचा, स्वतः, कोणीही एक आणि सगळे या चारही शब्दांचा अर्थ एकच होतो.

वेळेवर आधारित बक्षिसांत नावांनीच घोळ घातला होता. खेळण्याचा वेळ मोजणाऱ्या नोंदीचे नाव १.१३ ते १.१६ या काळात 'एक मिनिट खेळला' अशा अर्थाचे होते, पण ती मोजत असे टिक; तासाभराच्या बक्षिसासाठी ६० हा आकडा लिहिणाऱ्याचे बक्षीस तीन सेकंदांत लागू होई, कारण तासाला ७२,००० टिक होतात. १.१७ मध्ये ते नाव बदलले, त्यामुळे जुना स्कोअरबोर्ड उघडणारी ओळ नव्या आवृत्तीत चालेनाशी झाली, हा आणखी एक मनस्ताप. शिवाय स्कोअरबोर्ड उघडल्या क्षणापासूनच मोजू लागतो. दोन वर्षे त्याच जगात राहिलेला खेळाडू आणि काल आलेला पाहुणा त्याच्या लेखी सारखेच, आणि जुन्या जाणत्यांना ही गोष्ट अपमानास्पद वाटते.

स्कोअरबोर्ड नोंद ठेवतो ती नावावर. त्यामुळे खेळाडू त्या वेळी खेळात नसला तरी त्याच्या नावे आकडा जमा करता येतो, 'गिव्ह'ने मात्र अनुपस्थित माणसाला काहीही देता येत नाही, 'खेळाडू सापडला नाही' एवढेच उत्तर येते. म्हणून बक्षीस तात्काळ न देता आधी आकड्याच्या रूपाने जमा करावे आणि खेळाडू आला की वस्तूच्या रूपाने चुकते करावे, ही रीत भरवशाची आहे. तिला एक मर्यादा आहे: २०१५ पासून खेळाडूला आपले नाव बदलता येते, आणि नाव बदलले की जुन्या नावावरची जमा तिथेच पडून राहते. स्पर्धा संपल्यावर '@ए' लिहून सर्वांचे आकडे पुसणाऱ्याच्याही लक्षात येत नाही की त्या चिन्हात फक्त हजर असलेले येतात. गैरहजर स्पर्धक पुढच्या महिन्यात जुने आकडे घेऊन उगवतात आणि पहिल्याच मिनिटाला जिंकतात. सर्व नोंदी पुसायच्या तर त्या जागी तारांकन लिहावे लागते.

खेळाडूने स्वतः मागून घ्यायच्या बक्षिसासाठी 'ट्रिगर' नावाची सोय आहे, जिच्यामुळे विशेष अधिकार नसलेला खेळाडूही ठरवून दिलेला एक आकडा बदलू शकतो. ती एकदा वापरली की आपोआप बंद होते आणि कोणीतरी पुन्हा खुली करून द्यावी लागते. 'पहिल्या वेळी मिळाले, दुसऱ्या वेळी मिळत नाही' या तक्रारीमागे बहुधा हेच असते. अ‍ॅडव्हान्समेंटचा स्वभावही तसाच, ती एकदाच मिळते आणि रोजच्या बक्षिसासाठी वापरायची तर दिल्याबरोबर काढून घ्यावी लागते. अधिकारांचा विषय इथे ओझरता सांगितला तरी पुरे: कमांड ब्लॉक दुसऱ्या पातळीच्या अधिकाराने चालतो, खेळाडूला हाकलणे, बंदी घालणे या कमांड तिसऱ्या पातळीच्या आहेत, म्हणून बक्षिसासोबत शिक्षेचीही व्यवस्था ब्लॉकमधून लावू पाहणाऱ्यांना ती जमत नाही.

सार्वजनिक सर्व्हरवर या सगळ्यात प्लगइनची भर पडते. प्लगइन म्हणजे सर्व्हरच्या मूळ प्रोग्रामला जोडलेली पूरक आज्ञावली. अनेक सर्व्हर संकेतस्थळांवरील सर्व्हरांच्या सूचीत स्वतःला मत देणाऱ्या खेळाडूला बक्षीस देतात आणि त्यासाठी 'व्होटिफायर' हे प्लगइन दीर्घकाळ वापरात आहे. सूचीच्या संकेतस्थळावर मत पडले की त्याचा कूटबद्ध निरोप सर्व्हरच्या ठरावीक पोर्टवर, सामान्यतः ८१९२ वर, येतो, आणि मग दुसरे एखादे प्लगइन नेमून दिलेली बक्षिसाची कमांड चालवते. इथे निदान करताना साखळी उलट्या दिशेने तपासावी हे उत्तम. सर्व्हरच्या नियंत्रण-पडद्यावरून तीच कमांड हाताने चालते का, हे आधी पाहावे. चालत असेल तर दोष मागे आहे, म्हणजे निरोप पोहोचला की नाही, कूटबद्ध निरोपाची किल्ली जुळते की नाही, पोर्ट खुले आहे की नाही, इथे. चालत नसेल तर दोन शक्यता विशेष. खेळाडूचे नाव जिथे भरायचे त्या जागेची खूण प्रत्येक प्लगइनमध्ये वेगळी असते, कुठे टक्केवारीच्या चिन्हांत, कुठे महिरपी कंसात, आणि चुकीची खूण लिहिली तर ती जशीच्या तशी खेळाडूचे नाव समजून वाचली जाते. दुसरे असे की 'इसेन्शियल्स'सारखी प्लगइन 'गिव्ह' या नावाची स्वतःची कमांड घेऊन येतात आणि मूळ कमांड तिच्याखाली झाकली जाते. दोन्हींची लेखनपद्धत वेगळी असल्याने मूळ पद्धतीने लिहिलेले बक्षीस अडते. कमांडच्या आधी 'माइनक्राफ्ट' हे नाव आणि अपूर्णविराम (:) लावले की मूळ कमांडच चालते.

फंक्शनच्या फाइलीत मौन आणखी गडद होते. कमांड ब्लॉकमध्ये एक ओळ चुकली तर तेवढीच ओळ अडते. फाइलीत एका ओळीत चूक असेल तर खेळ ती संपूर्ण फाइलच स्वीकारत नाही, आणि ही वार्ता खेळाच्या पडद्यावर न देता लॉगमध्ये, म्हणजे घडामोडींची नोंद ठेवणाऱ्या फाइलीत, लिहून मोकळा होतो. संवादपट्टीत लागणारी आरंभीची तिरकी रेघ फाइलीत चालत नाही, आणि अशी एक रेघ चाळीस ओळींच्या फाइलीला निकामी करते. लॉग न वाचता दोष शोधणारे तासन्‌तास वाया घालवतात. त्यात मोठ्यांची संख्याही कमी नाही, हे नमूद केले पाहिजे.

यावरून निदानाची जी पद्धत हाती येते ती तशी गुंतागुंतीची नाही. बक्षिसाची मोजणी पडद्याच्या कडेला दिसेल अशी मांडून ठेवावी, म्हणजे आकडा वाढतो की नाही हा प्रश्न अंदाजाने सोडवावा लागत नाही. देण्याच्या जागी तात्पुरती 'से' ही साधी घोषणेची कमांड घालून पाहावे. घोषणा ज्याच्या नावाने होते तोच निवडला जात आहे हे दिसते, आणि ती किती वेळा होते यावरून कमांड टिकगणिक चालते की एकदाच, हेही कळते. लांब अटीची कमांड असेल तर एकेक अट काढून पाहावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी हा नियम सगळे मान्य करतात आणि वैताग आला की सगळे मोडतात.

बक्षीस नीट मिळू लागल्यावरही एक प्रश्न उरतो, तो मानसशास्त्राचा आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांपैकी ज्यांना बक्षिसाचे आश्वासन देऊन चित्रे काढायला लावली, त्यांची ती आवड पुढे मोकळ्या वेळेत कमी झालेली आढळली; अवचित बक्षीस मिळालेल्या मुलांच्या बाबतीत तसे घडले नाही. ज्या खेळाची सारी गंमत विनाकारण काहीतरी उभारण्यात आहे, तिथे प्रत्येक कृतीला दर लावणाऱ्याने हा निष्कर्ष लक्षात ठेवायला हवा. दहा ओरांना एक एमराल्ड हा दर जाहीर झाल्यावर घरे बांधणारे खेळाडूही खाणीत उतरतात आणि गाव ओस पडते, अशी स्थिती आली तर ती कमांड कितीही बिनचूक असली तरी व्यवस्था बिघडलेलीच म्हणावी लागेल. त्या बिघाडाची नोंद कोणत्याही लॉगमध्ये होत नाही.

पुढील प्रकरणे वाचताना वाचकाने खेळ सोबत उघडा ठेवावा, जगाची एक प्रत आधी काढून घ्यावी, आपल्या खेळाची शाखा आणि आवृत्तीचा पूर्ण क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा, आणि चाचणीसाठी निदान एक दुसरा खेळाडू बरोबर घ्यावा. बक्षीस कोणाला मिळते हे एकट्याला तपासता येत नाही.